पळसवाडीच्या शाळेवर लागलेली लाँच

घोडेगाव,
१४ मे २००७

ती. रा. रा. रवींद्र दाजी यांना,
रुपेशचा सप्रेम जयभीम.

तुमच्या कृपेनं आम्ही सगळे जिवंत आहोत. (जिवावर बेतलं तेही तुमच्याच कृपेनं, पण ते पुढं येईल.) तुमची तब्येत कशी आहे? आळेफाट्याच्या डांबरावर भर उन्हात बसून तुम्ही उन्हाळी आवर्तन मिळवलंत, डिंभे धरणाचं पाणी कालव्यात सुटलं, कुकडीला पाणी आलं, तुमच्या बोरीचे ऊस हिरवे झाले आणि पेपरात तुमचा अर्धा चेहरा छापून आला, हे सगळं इथं कळलं. (उरलेला अर्धा पोलिसाच्या टोपीमागं होता, पण मिशीवरून ओळखलं.) अभिनंदन. त्या गडबडीत एकुलत्या एक मेहुण्याच्या साखरपुड्याला तुम्हाला येता आलं नाही, याचा मला राग नाही. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही आणि हा मजकूर मधे तोडण्यासारखा नाही, म्हणून पत्र. शीलाताईनं तुम्हाला तिच्या परीनं हकिकत सांगितलीच असेल. पण ताईनं लाँचमध्ये पाय ठेवल्यापासून डोळे मिटून घेतले होते ते पलीकडच्या काठावर चहा हातात आल्यावर उघडले, तेव्हा तिची साक्ष ग्राह्य धरू नये ही विनंती.

आधी तुम्हाला माहीत असलेलंच थोडं सांगतो, कारण तुम्ही विसरता. प्रज्ञा तळेघरच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी तिला पसंत होतो, ती मला पसंत होती, आईला ती माझ्याहून जास्त पसंत होती. अडून बसले होते ते तिचे वडील, धर्माजी गुरुजी. गुरुजींची पळसवाडी धरणात गेली. घर गेलं, विहीर गेली आणि ज्या शाळेत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं ती शाळाही गेली. बाकीची मंडळी मिळेल तिथं पांगली, गुरुजी मात्र पाण्याच्या वरच्या टेकाडावर चार घरं घेऊन बसले आणि त्यालाच पळसवाडी म्हणायला लागले. तेव्हापासून हा माणूस लाँचमध्ये बसलेला नाही. घोडेगावला यायचं तर डोंगराच्या अंगानं अख्ख्या पाण्याला चालत फेरी घालून रस्त्याला लागतात आणि मिळाली तर एस.टी. धरतात. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की माझं पाण्याशी जमत नाही, आणि तुम्ही तर पाण्यावरच राहता.

मग त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. जहाज कोण चालवतं? मी म्हणालो, कप्तान असतो, पण रस्ता मी आखतो. कसा आखता? आता दाजी, हे मी तुम्हालाही दोनदा सांगितलंय आणि दोन्ही वेळा तुम्ही उसाच्या बेण्याचा विषय काढलात, म्हणून थोडक्यात सांगतो. पूर्वी जहाजावर कागदाचे मोठे नकाशे असायचे, पेन्सिलीनं रेघ मारायची. आता आमच्या जहाजावर संगणकातला नकाशा आहे. निघायच्या बंदरापासून पोचायच्या बंदरापर्यंत वळणाची ठिकाणं त्यात टाकायची, जहाज पाण्याखाली किती बुडतं ते सांगायचं, रेघेच्या डाव्या-उजव्या अंगाला किती सरकलं तर चालेल ते ठरवायचं. मग यंत्र सगळी रेघ तपासून सांगतं, इथं खडक आहे, इथं उथळ आहे. निघाल्यावर आपलं जहाज त्या नकाशावर छोट्या खुणेसारखं सरकताना दिसतं, आणि रेघ सोडली की भोंगा वाजतो. गुरुजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

या प्रश्नाला उत्तर होतं. आमचा कप्तान ते रोज ओरडून सांगतो: यंत्र काय म्हणतं ते बघ आणि मग मान वर करून खिडकीतून बाहेर बघ. पण त्या दिवशी ते मला सुचलं नाही. मी म्हणालो, लक्ष ठेवतो. गुरुजी म्हणाले, साखरपुड्याची तारीख धरा. अकरा वाजता, तुमच्या सगळ्या माणसांना घेऊन या. कशी आणता ते बघतो, आणि साखर वाटायची का नाही ते तेव्हा सांगतो. म्हणजे दाजी, पाहुणे येणार, स्वयंपाक होणार, साडी नेसवायची तयारी होणार, आणि होकार मात्र आमच्या पोचण्यावर टांगलेला. अशी अट मी आजवर ऐकली नव्हती. घरी येऊन सांगितलं तर आई रडली आणि बाबा म्हणाले, त्यात काय एवढं.

आता खरी गंमत. (आता गंमत म्हणतो. तेव्हा नव्हती.) मी जानेवारीत सुट्टीवर आलो तेव्हाच मला एक खूळ लागलं होतं. वरच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी माझ्या लॅपटॉपवर जहाजासारखाच नकाशाचा प्रोग्राम आहे, आणि हातात धरायचा जीपीएस आहे. म्हटलं, डिंभ्याच्या पाण्याचा नकाशा अजून कुणी केलेला नाही, आपण करू. गेणभाऊ लाँचवाल्याला डिझेल भरून दिलं आणि दोरीला वजन बांधून ठिकठिकाणी पाण्यात सोडत हिंडलो. किती पुरुष, म्हणजे किती माणूसउंची पाणी ते मोजायचं, जीपीएसवर जागा बघायची, लॅपटॉपमध्ये भरायचं. गेणभाऊला हा उद्योग लई आवडला. काठापासून पलीकडच्या पळसवाडीपर्यंत निळा नकाशा तयार झाला आणि त्यावर मी लाल रेघ मारली. प्रोग्राम भरती-ओहोटीचा हिशोबही विचारतो. समुद्रात तो चुकला तर नोकरी जाते. पण धरणाला कुठली भरती आणि कुठली ओहोटी, म्हणून त्या रकान्यात मी शून्य टाकलं आणि स्वतःच्या हुशारीवर हसलो. दाजी, हा रकाना लक्षात ठेवा, तुम्ही त्यात आहात.

दुसरं असं की गेणभाऊ नेहमी जातो तो रस्ता सरळ नाही. मधे पाण्यात काही दिसत नसताना तो एकदम डावीकडं वळतो, लांबलचक वळसा घालतो आणि पुन्हा मूळ दिशेला लागतो. कारण विचारलं तर म्हणाला, "गावावरनं लाँच न्यायची नाय. रीत हाय." कुणाची रीत? ते त्याला माहीत नव्हतं. आधीच्या लाँचवाल्यानं त्याला सांगितलं, त्याला आणखी कुणी सांगितलं असेल. मी घरी येऊन हे बोललो आणि बाबांनी पेपर खाली ठेवला. तुम्हाला बाबा माहीत आहेत, एस.टी.च्या वर्कशॉपात आयुष्य गेलं तरी अंगात भाषण आहे. छप्पन्न साली आपल्या वाडवडलांनी नवस सोडले, उतारे सोडले, अंगात येणं सोडलं, ते काय त्यांच्या नातवानं पाण्याला वळसा घालावा म्हणून? मला ते पटलं. रेघ सरळ केली. यंत्रानं तपासली आणि सांगितलं, अडचण नाही, खाली तीन पुरुष पाणी.

साखरपुड्याच्या दिवशी निघायलाच उशीर झाला. (ताईचा अंबाडा.) काठावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. जिथं जानेवारीत लाँच लागायची तिथं आता चिखल होता, आणि चिखलाच्या पलीकडं बरंच खाली उतरून लाँच उभी होती. आईला दोघांनी धरून नेलं, बाबांची नवी चप्पल चिखलात राहिली, आत्यानं साखरेचं पातेलं डोक्यावर घेतलं. पाणी एवढं खाली गेलेलं डोळ्यांसमोर दिसत होतं आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी फक्त घड्याळ बघत होतो. वळसा न घालता गेलो तर अकराला पोचत होतो, घालून गेलो तर पोचत नव्हतो, आणि पलीकडं गुरुजी घड्याळ घेऊन उभे असणार हे मला माहीत होतं.

आम्ही सगळे मिळून चौदा जण. लॅपटॉप मी फळीवर मांडला, जीपीएस जोडला आणि गेणभाऊला म्हणालो, या रेघेवर चल. निळ्यावर आमच्या लाँचची खूण सरकायला लागली. गेणभाऊनं अशी वस्तू कधी बघितली नव्हती. "आयला, आपुनच चालतोय की यात," असं म्हणून तो जो स्क्रीनला चिकटला तो बाहेर बघायचंच विसरला. वर्षानुवर्षं नजरेच्या अंदाजानं लाँच हाकणारा माणूस लॅपटॉपमध्ये बघून सुकाणू फिरवत होता आणि खूण रेघेवर आली की खूश होत होता. बाबा त्याच्या खांद्यावरून बघत होते. आत्याही बघत होती. रेघ जरा सुटली की लॅपटॉप किंचाळायचा, ताई मिटल्या डोळ्यांनी दचकायची, म्हणून मी त्याचा आवाज बंद केला. (जहाजावरही आम्ही हेच करतो. कप्तानाला कळवू नका.) त्या लाँचमध्ये पाण्याकडं बघणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आई. तिला पाण्याची भीती वाटते आणि तिला ज्याची भीती वाटते त्याच्यावरून ती नजर काढत नाही.

आई म्हणाली, पाण्याचा रंग बदललाय. मी म्हणालो, ऊन आहे. थोड्या वेळानं म्हणाली, खाली काहीतरी हाय. मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं की खाली तीन पुरुष पाणी आहे. मग ती उठून उभी राहिली, लाँच डुलली, सगळ्यांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"रुप्या, भिताड हाय रे खाली. मला भिताड दिसतंय."

मी म्हणालो, "आई, यंत्रात काही नाही."

त्यानंतर जो आवाज झाला तो मी समुद्रावर कधी ऐकलेला नाही आणि ऐकायची इच्छा नाही. लाँच पुढून वर उचलली गेली, खालून दगडावर लाकूड खरडत गेलं आणि एक फळी मोडली. आम्ही सगळे एकमेकांवर पडलो. साखर सांडली. मग एकदम शांत झालं, इंजिनही बंद पडलं, आणि त्या शांततेत बुडबुड असा आवाज यायला लागला. लाँच उजव्या अंगाला कलली होती आणि मागच्या बाजूला पाणी आत येत होतं. जोरात नाही, पण थांबत नव्हतं. दाजी, मी जहाजावर याची कवायत दर महिन्याला करतो. कुणी कुठं जायचं, कुणी काय उचलायचं, सगळं पाठ आहे. त्या लाँचमध्ये माझी आई होती, बहीण होती, पोहता येणारे दोघं-तिघंच होते, जीवरक्षक जाकीट एकही नव्हतं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर लाँचची खूण निळ्याशार पाण्यात रेघेवर बरोब्बर उभी होती.

गेणभाऊनं बांबू खाली टेकवला. गुडघाभर पाणी. बांबू जरा बाजूला टाकला तर अख्खा आत गेला आणि तळ लागला नाही. म्हणजे आम्ही कशाच्या तरी माथ्यावर बसलो होतो आणि चारी बाजूंनी खोल होतं. वारा सुटला होता, लाटा लाँचला ढकलत होत्या, आणि लाँच घसरली असती तर त्या मोडक्या फळीनिशी चौदा जणांसकट खोल पाण्यात गेली असती. मी आधी उतरलो. पायाला चिखल लागेल असं वाटलं होतं, पण लागली फरशी. शहाबादी, घासून गुळगुळीत झालेली. मी पायानं चाचपत कडा शोधली, कडेवर एकेक पुरुष माणूस उभा केला आणि बाकीच्यांना मधे उतरवलं. आईला हात धरून उतरवलं तेव्हा ती रडत होती. ती शिव्या देती तर बरं वाटलं असतं.

सगळे उतरले आणि जे मला आधी सुचायला पाहिजे होतं ते झालं. रिकामी झालेली लाँच हलकी झाली, तरंगली आणि वाऱ्याबरोबर चालायला लागली. गेणभाऊ तिच्यात उडी मारून चढला, इंजिनाची दोरी ओढायला लागला, इंजिन काही धरेना, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो दोरी ओढत ओढत, मधेच डबड्यानं पाणी उपसत लांब लांब गेला. आम्ही तेरा जण धरणाच्या मधोमध गुडघाभर पाण्यात उभे. आत्याच्या डोक्यावर रिकामं पातेलं. ताईच्या हातात साडीचं ताट, डोळे मिटलेले. बाबा अनवाणी, सफारी भिजलेली, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणत होते की वळसा ही अंधश्रद्धाच आहे. मी लॅपटॉप छातीशी धरून उभा होतो. लाटा मांडीपर्यंत यायला लागल्या होत्या आणि एक पाऊल चुकलं की माणूस नाहीसा होणार होता. पलीकडच्या काठावर माणसं पळताना दिसत होती. अकरा वाजून गेले होते. माझं लग्न संपलं हे मला तेव्हा कळून चुकलं होतं, पण खरं सांगतो, त्या वेळी मला फक्त आई जिवंत पाहिजे होती.

मासेवाल्यांची एक होडी काठावरून निघाली. वल्हं प्रज्ञाच्या हातात होतं. तिच्यासमोर, दोन्ही हातांनी होडीच्या कडा घट्ट धरून, पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसलेले धर्माजी गुरुजी होते. गाव बुडाल्यापासून ज्यानं पाण्यावर पाय ठेवला नव्हता तो माणूस येत होता. होडी जवळ आली. गुरुजींनी आम्हाला बघितलं, आमच्या पायांखाली बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की आईही रडायची थांबली. त्यांनी चपला काढून होडीत ठेवल्या, धोतर वर घेतलं आणि पाण्यात उतरले. आमच्यासारखे चाचपत नाही. घरात चालावं तसे चालत मधोमध आले, पायानं एक जागा शोधली आणि तिथं उभे राहिले. "इथं माझी खुर्ची होती," ते म्हणाले. आम्ही शाळेत उभे होतो, दाजी. भिंती पडून गेल्या होत्या, आईला दिसलं ते व्हरांड्याचं उरलेलं भिताड होतं आणि लाँच त्याच्यावर आपटून वर्गात शिरली होती.

मग गुरुजी मास्तर झाले. रांग करा म्हणाले. वारा घोंघावत होता, पण त्या आवाजापुढं बाबांनीसुद्धा रांग धरली. होडीत एका वेळी तिघंच मावत होते. आई, ताई आणि आत्या आधी. प्रज्ञानं आईला हाताला धरून बसवलं, स्वतःचा पदर तिच्या खांद्यावर टाकला आणि माझ्याकडं एकदाच बघितलं. त्या बघण्याचा अर्थ लावायची माझी हिंमत झाली नाही. होडी जात होती, येत होती, पाणी तेवढंच होतं तरी मला चढल्यासारखं वाटत होतं. मधेच एक लाट आली आणि कडेवरचा माझा चुलतभाऊ भागू घसरला. गुरुजींनी त्याचं बखोट धरलं, ओढून मधे आणलं आणि पुन्हा रांगेत उभं केलं. शेवटी आम्ही दोघंच उरलो. गुरुजी म्हणाले, कप्तान शेवटी उतरतो असं ऐकलंय, आणि मास्तरही वर्ग रिकामा झाल्याशिवाय जात नाही.

होडी परत येईपर्यंत आम्ही उभे होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, तुमचं यंत्र दाखवा. लॅपटॉप अजून चालू होता. (कंपनीचं नाव लिहीत नाही, पण वस्तू चांगली आहे.) गुडघाभर पाण्यात उभं राहून मी त्यांना दाखवलं, हे आपण, ही रेघ, इथं तीन पुरुष पाणी. त्यांनी विचारलं, यात शाळा कुठं आहे? मी म्हणालो, नाही. विहीर? नाही. विहार? घरं? सगळीकडं निळं होतं. त्यांनी त्या निळ्यावरून बोट फिरवलं.

"धरणवाल्या साहेबांनी पहिल्यांदा नकाशा आणला होता ना, त्यातही इथं असंच निळं होतं. आम्ही तेव्हा अजून घरात राहत होतो."

मग त्यांनीच सांगितलं की तो वळसा त्यांनी घालायला लावला होता. पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून लाँचवाल्याला विनवलं होतं की आमच्या घरांवरून कुणाला नेऊ नकोस. एवढंच. रीत वगैरे नंतर झाली. मी म्हणालो, गुरुजी, मी तुमच्या माणसांना विचारलं नाही, खिडकीतून बाहेरही बघितलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मला समजेल. ते फरशीवर पाय घासत होते, मुलांनी पाटी पुसावी तसा. म्हणाले, "मी एवढी वर्षं पाण्याला फेरी घालून चालतो. माझा पाय इथं लागेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या चुकीनं लागला." होडी आली तेव्हा त्यांनी मला आधी चढायला लावलं आणि मग सांगितलं, "हे निळं भरा. घर न् घर भरा. मी सांगतो, तुम्ही लिहा. आणि साखर सांडली असली तरी आमच्याकडं गूळ आहे."

अशा रीतीनं, दाजी, तुमच्या मेहुण्याचा साखरपुडा गुळावर झाला. गेणभाऊ संध्याकाळी लाँचसकट खालच्या काठाला सापडला, लाँच दुरुस्त होते आहे आणि तो अजून विचारतो की ते टीव्हीसारखं परत कधी आणणार. त्या दिवसापासून मी रोज गुरुजींना होडीतून नेतो. प्रज्ञाला सुट्टी असली की ती वल्हं धरते. मी दोरी सोडतो आणि ते सांगतात: हे अमक्याचं घर, हा चिंचेखालचा पार, ही विहीर, इथं कबड्डी व्हायची. नकाशात पळसवाडी हळूहळू वर येते आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःचं घर दाखवलं आणि मी तिथं खूण केली. त्या दिवशी आम्ही लवकर परतलो.

घरच्या सगळ्यांना नमस्कार, बैलांना चारा. पाणी सोडायला लावून तुम्ही धरणाची पातळी उतरवलीत, तेरा जणांना धरणात उभं केलंत, माझी अब्रू, बाबांची चप्पल आणि आत्याची साखर घालवलीत, त्याबद्दल तुमची नक्की काय शोभा करायची ते लग्नात बघू. तुमच्या त्या आंदोलनाला माझा यापुढं सक्त विरोध राहील.

आपला मेहुणा,
रुपेश

ता. क. आई म्हणाली आहे की इथून पुढं लाँचमध्ये ती पुढच्या टोकाला बसणार आणि तोंड पुढंच ठेवणार. मी होकार दिला आहे. जहाजावर या कामाला वेगळा माणूस असतो आणि त्याला पगार मिळतो, हे मी तिला सांगितलेलं नाही.

ता. क. २. खालचं काम तुम्हालाच जमेल, म्हणून तर हे पत्र. वरचा सक्त विरोध मागं घेतो. तुम्ही आणखी एकदा रस्त्यावर बसा. मी जूनमध्ये जहाजावर जाणार, म्हणून लग्न महिनाअखेर आहे, पावसाच्या आत. शाळेच्या फरशीवर आज गुडघाभर पाणी आहे. तुम्ही कालव्याला आणखी एक आवर्तन मिळवलंत तर फरशी उघडी पडेल, असा माझा हिशोब आहे. (या वेळी भरती-ओहोटीच्या रकान्यात शून्य नाही, तुमचं नाव टाकलं आहे.) उसाला पाणी पाहिजे म्हणून सांगा, बंधाऱ्याला पाहिजे म्हणून सांगा, तुम्हाला कारणं मी शिकवायला नको. खरं कारण कुणाला सांगू नका.

ता. क. ३. खरं कारण तुम्हाला सांगतो. लग्न कुठं करायचं म्हणून मी गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, शाळेत होईल का? धरण झाल्यापासून त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं नाही, असं प्रज्ञा सांगते. एक दिवस फरशी कोरडी झाली तरी पुरे आहे, दाजी. या वेळी मंडळी वळसा घालून येतील आणि दारातून आत शिरतील.